राफेल एम : डेकसाठी घडवलेले विमान, देखभालीच्या नजरेतून

गोव्यात दाबोळीहून बोगमाळोकडे जाणाऱ्या रस्त्यावर नौदलाचे विमान संग्रहालय आहे. १९९८ साली ते सुरू झाले आणि निवृत्तीनंतर वास्कोतच राहिल्यामुळे माझी तिथे वर्षातून दोन-तीनदा तरी फेरी होते. परवा फोंड्याहून आलेल्या भाच्याला घेऊन गेलो होतो. तिथल्या सी हॅरियरभोवती तो दोनदा फिरला, इंजिनाचा झोत खाली वळवणारी चार फिरती नळकांडी वाकून पाहत राहिला आणि मग म्हणाला, "मामा, हे विमानसुद्धा हवेत लढायचे, टेहळणी करायचे आणि जहाजांवर हल्लाही करायचे, असे तुम्हीच सांगता. मग राफेलमध्ये असे वेगळे काय आहे, की त्याला एवढे पैसे मोजावेत?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, कारण सी हॅरियरच्या 'एफआरएस' या नावातच लढाऊ, टेहळणी आणि प्रहार या तीन कामांची आद्याक्षरे आहेत. तिथे उभ्या उभ्या दिलेल्या उत्तराने माझेच समाधान झाले नाही, म्हणून हे परीक्षण सविस्तर लिहीत आहे.

२८ एप्रिल २०२५ रोजी भारत आणि फ्रान्स यांच्यात नौदलासाठी २६ राफेल विमानांचा करार झाला. त्यांपैकी २२ एकासनी आणि ४ दोन आसनी आहेत. किंमत सुमारे ६३ हजार कोटी रुपये असून सर्व विमाने २०३० पर्यंत मिळायची आहेत. या रकमेत प्रशिक्षण, सिम्युलेटर, शस्त्रे आणि देखभालीचा करारही येतो. घरात पंखा घेतानासुद्धा आपण त्याची मोटर कशी आहे ते विचारतो, तेव्हा साऱ्या देशाच्या पैशाने घेतलेल्या या यंत्राची चौकशी नागरिकाने बारकाईने करायलाच हवी. माझी नोकरीची वर्षे विमानांच्या पोटाखाली, पॅनेल उघडण्यात आणि बंद करण्यात गेली, त्यामुळे वैमानिकाला कॉकपिटमधून जे दिसते त्यापेक्षा खाली उभ्या असलेल्या माणसाला जे दिसते, त्याच बाजूने मी या विमानाकडे पाहणार आहे.

'बहुउद्देशीय लढाऊ विमान' हा शब्द वर्तमानपत्रांत इतका सैलपणे वापरला जातो, की पंखांखाली चार प्रकारची शस्त्रे टांगता आली म्हणजे विमान बहुउद्देशीय झाले, असा समज होतो. खरी कसोटी वेगळी आहे. उड्डाणापूर्वी एका कामासाठी सज्ज केलेले विमान हवेत असताना, परत न येता, दुसरे काम हाती घेऊ शकते का, आणि ते करताना पहिल्या कामावरची त्याची नजर सुटते का, हे पाहावे लागते. जुन्या रडारची तबकडी यंत्राने फिरत असे. ती आकाशाकडे पाहत असताना समुद्राकडे पाहू शकत नसे. राफेलच्या आरबीई-२ रडारमध्ये तबकडी फिरत नाही. शेकडो छोटे प्रेषक-ग्राहक घटक एका पृष्ठभागावर बसवलेले असतात आणि किरणाची दिशा विजेच्या साहाय्याने, क्षणाच्या बारीकशा अंशात बदलते. त्यामुळे तेच रडार आकाशातल्या विमानांचा माग सोडल्याशिवाय खालच्या समुद्राचा किंवा जमिनीचा वेध घेऊ शकते. रडार, नाकावरचा कॅमेरा आणि लेझर, शत्रूच्या रडारलहरी टिपणारी 'स्पेक्ट्रा' ही संरक्षणप्रणाली आणि इतर विमानांकडून येणारी माहिती हे सारे एकत्र करून वैमानिकाच्या पडद्यावर एकच चित्र उभे केले जाते. एका माणसाने दोन कामे एकाच वेळी करायची, तर त्याला चार पडदे चाळायला लावून चालत नाही. एकासनी बहुउद्देशीय विमान शक्य होते ते या जुळणीमुळे.

फ्रेंच नौदलाचा अनुभव या दृष्टीने फार बोलका आहे. त्यांच्या विमानवाहू नौकांच्या डेकवर पूर्वी हवाई लढतीसाठी क्रुसेडर, हल्ल्यासाठी सुपर एतांदार आणि छायाचित्रण-टेहळणीसाठी एतांदार चार-पी अशी तीन वेगळी विमाने असत. तीन विमाने म्हणजे तीन प्रकारचे सुटे भाग, तीन प्रकारची इंजिने, तीन प्रकारचे प्रशिक्षित तंत्रज्ञ आणि हँगरमधली त्यांची जागा. डिसेंबर १९९९ मध्ये क्रुसेडर निवृत्त झाले, पुढे राफेल एम (राफेलचा नौदलासाठीचा प्रकार) आले, आणि २०१६ च्या जुलैत शेवटचे सुपर एतांदारही गेले. मात्र राफेलने ही सारी कामे पहिल्याच दिवशी उचलली नाहीत. नौदलाकडे आलेली पहिली 'एफ-१' प्रकारची विमाने केवळ हवाई लढतीची होती. २००२ साली अफगाणिस्तानच्या मोहिमेत ती 'शार्ल द गोल' नौकेवरून उडाली, परंतु जमिनीवर मारा करण्याची त्यांची तयारीच नव्हती. पुढच्या 'एफ-२' आणि 'एफ-३' प्रकारांत ती क्षमता आली आणि सुधारणांचा हा क्रम आता 'एफ-४' पर्यंत पोहोचला आहे. विमान विकत घेताना त्याच्या रचनेत वाढीसाठी वाव किती ठेवला आहे, हे मी नेहमी आधी पाहतो. वीजपुरवठा, थंडावा, संगणकाची जागा आणि वायरींचे मार्ग या गोष्टी जाहिरातीत कधी दिसत नाहीत, परंतु विमानाचे आयुष्य त्यांच्यावर ठरते. ४ जुलै १९८६ रोजी ज्या रचनेच्या प्रात्यक्षिक विमानाने पहिले उड्डाण केले, ती आजही पहिल्या फळीत आहे, यावरून हा वाव पुरेसा ठेवला होता असे म्हणता येते.

आता डेककडे वळू. डिसेंबर १९९१ मध्ये पहिल्या राफेल एमने उड्डाण केले, म्हणजे हवाई दलाच्या विमानानंतर सात महिन्यांतच. जमिनीवरच्या विमानाला मागाहून डेकवरच्या तारेत अडकणारा हूक जोडून ते नौकेवर पाठवले, असे इथे झालेले नाही. नौकेवरचे विमान बनवायचे ठरल्यावर वजन हा पहिला शत्रू असतो. राफेल एम जमिनीवरच्या राफेलपेक्षा सुमारे अर्धा टन जड आहे आणि हे वजन प्रामुख्याने चाकांच्या पायांत, शेपटीच्या हूकमध्ये आणि त्यांचे धक्के सांगाड्यात पोहोचवणाऱ्या भागांत गेले आहे. पुढचा पाय लांब आणि दणकट झाल्यामुळे विमान नाक उंचावून उभे राहते. पोटाखाली त्या पायाजवळची एक शस्त्रजागा मात्र त्यात गेली, म्हणून जमिनीवरच्या राफेलला १४ तर नौदलाच्या राफेलला १३ शस्त्रजागा आहेत. विमानाच्या अंगातच घडी होणारी शिडी बसवली आहे, कारण दाटीवाटीच्या डेकवर वेगळ्या शिड्या ओढत फिरणे धोक्याचे असते. ही शिडी कुणाच्या लेखी किरकोळ असेल. वाऱ्यात हलणाऱ्या डेकवर काम केलेल्या माणसाला तिची किंमत कळते.

उतरतानाचा क्षण हे या रचनेचे खरे परीक्षण असते. धावपट्टीवर उतरणारे प्रवासी विमान शेवटच्या क्षणी नाक किंचित उचलते आणि हलकेच टेकते. डेकवर तसे करायला जागाच नसते. वैमानिक ठरलेल्या उतारावरून तसाच खाली येतो, चाके आपटतात, हूक तारेत अडकतो आणि त्याच क्षणी वैमानिक इंजिने पूर्ण जोरात नेतो, कारण हूक तारेत अडकला नाही तर त्याला डेकचे टोक येण्याआधी पुन्हा उडायचे असते. दोन-तीन सेकंदांत सगळे संपते. यासाठी विमानाला हळू उतरता आले पाहिजे आणि त्रिकोणी पंखाची जुनी अडचण नेमकी इथेच होती. हा पंख वेगात उत्तम, पण कमी वेगात त्याला नाक फार वर धरावे लागते आणि वैमानिकाला समोरची नौका दिसेनाशी होते. राफेलमध्ये मुख्य पंखाच्या पुढे, अगदी जवळ, छोट्या पंखांची जोडी आहे, तिला कॅनार्ड म्हणतात. तिच्या टोकांवरून निघणारे हवेचे भोवरे मुख्य पंखावरून जातात आणि तिथला प्रवाह सुटू देत नाहीत. त्यामुळे विमान ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासच्या वेगाने, ताब्यात राहून नौकेकडे येऊ शकते. हे विमान स्वभावतः अस्थिर आहे आणि संगणक त्याला दर क्षणी सावरत असतो, म्हणून तेच विमान वळताना ९ जीपर्यंतचा (गुरुत्वाकर्षणाच्या नऊपट) भार सहन करते आणि ध्वनीच्या १.८ पट वेगही गाठते.

उतरण्याच्या संदर्भात एक मुद्दा सामान्य चर्चेत येतच नाही, आणि भाच्याच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्यात आहे. सी हॅरियर इंजिनाच्या झोतावर तरंगून सरळ खाली उतरत असे. गोव्याच्या उष्ण, दमट हवेत इंजिनाचा जोर घटतो, म्हणून उतरताना विमान हलके असावे लागे. न वापरलेली शस्त्रे परत आणण्यावर त्यामुळे मर्यादा येत असे. आजचे एक क्षेपणास्त्र कोट्यवधींचे असते आणि गस्तीवरून परत येणारे विमान बहुतेक वेळा ते न वापरताच येते. ते दर वेळी समुद्रात टाकून देणे कोणत्याही देशाला परवडणारे नाही. राफेल एमचे पाय आणि सांगाडा न वापरलेली जड शस्त्रे घेऊन डेकवर उतरण्याच्या हिशेबाने बांधलेले आहेत. बहुउद्देशीय विमानाला तर याची गरज अधिक, कारण ते दोन्ही कामांची शस्त्रे बरोबर घेऊन निघते आणि त्यांतली निम्मी बहुधा परतच येतात.

चढण्याची गोष्ट मात्र वेगळी आहे आणि इथे माझी पहिली शंका नोंदवतो. फ्रेंच नौकेवर वाफेच्या कॅटॅपल्टने विमान फेकले जाते. आपल्या 'विक्रांत' आणि 'विक्रमादित्य' या नौकांवर कॅटॅपल्ट नाही. तिथे डेकमधून वर येणारे अडथळे चाके रोखून धरतात, इंजिने आफ्टरबर्नरसह (झोतात जास्तीचे इंधन जाळून) पूर्ण जोरात जातात, अडथळे खाली जातात आणि विमान स्वतःच्या जोरावर धावत पुढच्या चढावरून हवेत उसळते. याच चढाची जमिनीवरची प्रतिकृती दाबोळीच्या 'हंसा' या नौदलाच्या हवाई तळावर आहे. तिथेच २०१४ मध्ये नौदलाच्या तेजसने चढावरून पहिले उड्डाण केले आणि जानेवारी २०२२ मध्ये राफेल एमची चाचणीही तिथेच झाली. त्यानंतर काही महिन्यांनी अमेरिकेची सुपर हॉर्नेटही तिथे येऊन गेली. राफेल चढावरून उडू शकते, हे त्या चाचण्यांनी सिद्ध झाले. परंतु राफेलचे कमाल वजन साडेचोवीस टन आणि बाहेर टांगता येणारा भार साडेनऊ टन, हे आकडे लांब धावपट्टीचे आहेत. दोन एम-८८ इंजिनांचा आफ्टरबर्नरसह जोर प्रत्येकी ७५ किलोन्यूटन आहे, तर आपल्या डेकवरच्या सध्याच्या मिग-२९के विमानाच्या इंजिनांचा प्रत्येकी ८८ च्या जवळपास. राफेलचे रिकामे वजन बरेच कमी असल्याने तूट काहीशी भरून निघते, तरीही चढावरून उडताना पूर्ण भार घेता येणार नाही. वर्तमानपत्रांतली साडेनऊ टनांची चौकट वाचताना हे ध्यानात ठेवावे. यावर अंशतः उतारा असा, की एक राफेल दुसऱ्या राफेलला हवेत इंधन देऊ शकते, म्हणजे कमी इंधन घेऊन उडायचे आणि वर गेल्यावर टाकी भरून घ्यायची. त्यासाठी एक विमान मात्र खर्ची पडते.

शस्त्रांविषयी थोडक्यात लिहितो, कारण त्याविषयी सगळीकडे भरपूर लिहून येते. मिटिऑर क्षेपणास्त्राचे रॅमजेट इंजिन शेवटपर्यंत जोर देत राहते, त्यामुळे शंभर किलोमीटरपलीकडच्या विमानालाही निसटणे अवघड जाते. जहाजांसाठी एक्झोसेट, जमिनीसाठी स्काल्प आणि हॅमर, आणि जवळच्या झुंजीसाठी मिका आणि ३० मिलिमीटरची तोफ, असा हा संच आहे. २०२५ च्या करारात भारतीय शस्त्रे या विमानावर बसवण्यासाठीच्या तंत्रज्ञानाचाही समावेश आहे आणि माझ्या मते तो या संपूर्ण संचापेक्षा महत्त्वाचा आहे. दुसऱ्याच्या शस्त्रसाठ्यावर अवलंबून असलेले विमान युद्धाच्या तिसऱ्या आठवड्यात रिकाम्या पंखांनी उभे राहते.

आता माझ्या मूळ विषयाकडे, म्हणजे मिठाकडे येतो. समुद्रावरून परतलेले विमान थांबले, इंजिने निवाली, की त्यावर गोड्या पाण्याचा मारा केला जातो. मग पॅनेल उघडायची, हात पोहोचत नाही तिथे टॉर्च आणि छोटा आरसा घालून पाहायचे. एकदा एका विमानात रडारची जोडणी अधूनमधून तुटत होती आणि वैमानिक उतरला की दोष नाहीसा व्हायचा. तीन दिवस शोध चालला. शेवटी एका जोडणीतल्या छत्तीस पिनांपैकी एका पिनेच्या मुळाशी हिरवट ठिपका दिसला, मोहरीच्या दाण्याएवढासुद्धा नव्हता. रबरी कड किंचित वाकली होती आणि तेवढ्या फटीतून खारी वाफ आत गेली होती. त्या एका ठिपक्यासाठी एक पूर्ण लढाऊ विमान तीन दिवस जमिनीवर होते. जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावर हवाच अशी असते, की कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते. तिथे विमानाच्या आतल्या किलोमीटरच्या किलोमीटर वायरींचे काय होत असेल, याची कल्पना करावी.

या बाबतीत राफेलच्या रचनेने मला खरोखर समाधान दिले. त्याच्या बाह्य पृष्ठभागाचा सुमारे ७० टक्के भाग मुख्यतः कार्बन तंतूंच्या संमिश्र द्रव्यांचा आहे आणि ती गंजत नाहीत. कार्बनची पत्री आणि अॅल्युमिनियम जिथे एकमेकांना भिडतात तिथे खाऱ्या पाण्यात अॅल्युमिनियम उलट लवकर खाल्ले जाते, त्यामुळे सांध्यांवरची नजर कमी करून चालणार नाही, परंतु एकूण काम नक्कीच घटते. एम-८८ इंजिन २१ सुट्या विभागांत बांधलेले आहे. खराब विभाग काढून दुसरा बसवता येतो आणि त्यासाठी पुन्हा तोल साधण्याची गरज पडत नाही. कॉकपिटचे छत बाजूला उघडते, त्यामुळे आसन काढण्यासाठी आख्खे छत उतरवावे लागत नाही. हवेत इंधन घेण्याची नळी कायम बाहेर असते, आत-बाहेर होत नाही. दिसायला ती बेढब आहे, परंतु जो भाग हलत नाही तो अडकतही नाही. हवेच्या तोंडांमध्येही हलणारे भाग नाहीत. ज्याने हे विमान आखले त्याने देखभाल करणाऱ्या माणसाला विचारले असावे, असे वाटण्याजोग्या या गोष्टी आहेत.

मिग-२९केविषयी अनादराने लिहिणे मला पटत नाही. १९ फेब्रुवारी २०१० रोजी ते 'हंसा'वर नौदलात दाखल झाले. पुढे मे २०१६ मध्ये सी हॅरियर निवृत्त झाल्यावर डेकवरून उडणारे आपले एकमेव लढाऊ विमान तेच उरले आणि २०२३ मध्ये 'विक्रांत'वर रात्री उतरूनही त्याने दाखवले. चिखलीत, दाबोळीत राहणाऱ्यांना त्याचा आवाज पाठ आहे. परंतु इंजिन, सांगाडा आणि नियंत्रणप्रणाली यांतल्या दोषांची नोंद महालेखापालांच्या २०१६ च्या अहवालात आहे. उड्डाणासाठी सज्ज विमानांचे प्रमाण कमी राहिले, हेही त्यात नमूद आहे. राफेलची निवड समजून घेताना वेग आणि पल्ला यांच्या तक्त्यांपेक्षा हे प्रमाण पाहावे.

आता उणिवा. राफेलचे पंख मिटत नाहीत. मिग-२९केचे मिटतात, आणि सी हॅरियर इतके लहान होते, की त्याला पंख मिटण्याची गरजच नव्हती. राफेलची रुंदी जवळजवळ ११ मीटर आणि लांबी १५ मीटरहून थोडी अधिक आहे. २६२ मीटर लांबीच्या 'विक्रांत'च्या हँगरमध्ये आणि मिग व तेजस डोळ्यांसमोर ठेवून आखलेल्या लिफ्टवर या रुंदीचा हिशेब दर वेळी करावा लागणार. लिफ्टवर विमान चढवताना कडेला उभा असलेला खलाशी वीतभर अंतरावर डोळे लावून हात वर धरून असतो, आणि तिथे इंचाइंचाने काम वाढते. दुसरी उणीव दोन आसनी विमानांची. डेकवर उतरू शकणारे दोन आसनी राफेल अस्तित्वात नाही, त्यामुळे ती चार विमाने किनाऱ्यावरच्या प्रशिक्षणासाठीच राहतील आणि डेकवरचे पहिले उतरणे प्रत्येक वैमानिकाला एकट्यानेच करावे लागेल. तिसरी उणीव संख्येची आहे. डेकसाठी २२ विमाने. त्यांतली काही मोठ्या दुरुस्तीत, काही किनाऱ्यावर सरावासाठी, म्हणजे समुद्रात गेलेल्या नौकेवर प्रत्यक्षात किती असतील याचा अंदाज कोणीही करू शकेल. एक विमान तीन विमानांचे काम करते हे खरे, परंतु ते एका वेळी एकाच ठिकाणी असू शकते.

इतके सगळे धरूनही, सध्या मिळू शकणाऱ्या विमानांत आपल्या डेकसाठी हीच निवड योग्य आहे, असे माझे मत आहे, आणि भाच्यालाही मी तेच सांगितले. त्याला मिटिऑरचे आणि वेगाचे कौतुक वाटले. मी मात्र पहिली विमाने आली की दोन पावसाळे जाऊ देणार आहे. त्यानंतर ऑक्टोबरातल्या एखाद्या सकाळी आठ वाजता त्यांतली किती विमाने पॅनेल बंद करून, कागदांवर सही होऊन, उड्डाणाला तयार उभी असतात, तो आकडा मला हवा आहे.